गोळ्या चालू असून एमआरआयमध्ये नवे डाग, म्हणजे औषध फेल गेलं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मिसेसना (वय ३४) गेल्या जूनमध्ये एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, एमआरआय केला तर मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर सूज येऊन डाग पडतात तो आजार) निघालं. इन्शुरन्सच्या भानगडीत डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या सुरू व्हायला दिवाळी उजाडली. आता तब्येत ठणठणीत आहे, तरी एप्रिलमध्ये परत एमआरआय करायला लावला, तो आम्ही घराजवळच्या दुसऱ्या सेंटरवर केला कारण तिथे स्वस्त पडतो, आणि रिपोर्टात दोन नवे डाग आलेत. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात औषध बदलायचं नाही. घरात सगळ्यांची झोप उडालीय.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या न्यूरोलॉजिस्टचं मला पटतंय. आधी कॅलेंडर बघा. पहिला फोटो जूनचा, गोळी दिवाळीची, म्हणजे मधले चार-पाच महिने औषध नव्हतंच, आणि गोळीसुद्धा पहिल्या दिवसापासून पूर्ण जोर धरत नाही, तिला काही महिने लागतात. ते दोन डाग त्या उघड्या काळात पडलेले असू शकतात, डागावर तारीख छापलेली नसते ना! म्हणून तर औषध सुरू झाल्यावर ३ ते ६ महिन्यांनी एक एमआरआय काढून तोच नवा बेस धरतात आणि मोजणी तिथून पुढे करतात. तुमचा एप्रिलचा फोटो तोच आहे.

डाग ताजा आहे का हे गॅडोलिनियमच्या (एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टच्या) इंजेक्शनने कळतं, ताजा डाग त्यामुळे फोटोत साधारण दोन ते सहा आठवडे चमकतो. पण ते दरवेळी लागत नाही. २०१४ मध्ये जपानी रेडिओलॉजिस्टांना वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचा अंश राहिलेला दिसला, त्याने नुकसान होतं असं सिद्ध झालेलं नाही, तरी उगाच कशाला.

ठणठणीत असताना फोटो का, तर बहुतेक डाग मुके असतात, म्हणजे त्रास देत नाहीत; या आजाराच्या एका अटॅकमागे (अंधुक दिसण्यासारख्या) पाच-दहा नवे डाग गुपचूप पडून जातात.

आता दुसऱ्या सेंटरचं. (पैसे वाचवलेत, रागावत नाही.) एका मशीनवर मेंदूच्या फोटोचे ५ मिलिमीटरचे काप आणि दुसऱ्यावर ३ चे असले, डोकं जरा वेगळं कललेलं असलं, की मुगाएवढा जुना डाग पहिल्या फोटोत दोन कापांच्या मधे हरवतो आणि दुसऱ्यात 'नवा' म्हणून उगवतो. त्या सेंटरकडे जूनची सीडी तरी होती का? की नुसता जुना रिपोर्ट वाचून 'नवे' लिहिलं? दोन्ही सीडी न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन जा आणि शेजारी-शेजारी लावून बघा म्हणावं. पुढच्या एप्रिलचा एमआरआय याच मशीनवर, याच सेटिंगने करा. त्यात एप्रिलच्या तुलनेत नवे डाग निघाले तर औषध बदलायची चर्चा खरी. मधल्या काळात लिम्फोसाइटसाठी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सीबीसी ही रक्ततपासणी चुकवू नका, आणि डोळा, पाय किंवा लघवीची नवी तक्रार २४ तासांपेक्षा जास्त टिकली तर एप्रिलची वाट न बघता फोन करा.