लेकीने गणित सोडावं का?

ताई, नमस्कार.

ऐरोलीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक अकरावीत आहे. खाडीवरचे रोहित पाहताना तिला प्रश्न पडला की पक्ष्याची दिवसभराची ऊर्जा मोजतात कशी, आणि आता तिला त्यातच काम करायचं आहे. तुम्ही विचारता, त्यासाठी शरीरात 'जड पाणी' देतात म्हणे, म्हणजे किरणोत्सार आला ना? आणि क्लासचे सर सांगतात तसं गणित सोडून जीवशास्त्रावर भर द्यावा का?

पहिली भीती मनातून काढून टाका. या पद्धतीतले ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) हे दोन्ही स्थिर समस्थानिक आहेत, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे थोडे जड, पण न फुटणारे अणू. ते किरण सोडत नाहीत. आपल्या नळाच्या पाण्यातही ते थोडे असतातच. याच पद्धतीच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २९ देशांतल्या ६,४२१ जणांची मोजमापं होती आणि त्यातलं सर्वांत लहान बाळ अवघ्या ८ दिवसांचं होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पद्धतीतच आहे. हे दोन समस्थानिक असलेलं थोडं पाणी माणसाला पाजतात. ड्युटेरियम शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतं: लघवी, घाम, श्वासातली वाफ. ऑक्सिजन-१८ पाण्यावाटे जातोच, शिवाय उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो, म्हणून तो लवकर कमी होतो. एक-दोन आठवडे लघवीचे नमुने घेऊन दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळतं, आणि त्यावरून किती कॅलरी खर्च झाल्या तेही. हे वेग लॉगॅरिदम घेऊन, आलेखाच्या उतारावरून काढतात. मग गणित सोडून कसं चालेल? माझं स्पष्ट मत आहे, सोडू देऊ नका. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थांच्या प्रवेशपरीक्षेतही गणिताचे प्रश्न असतात.

नेथन लिफसन यांच्या गटाने १९५५ मध्ये उंदरांवर ही पद्धत वापरून दाखवली, पण माणसावरचं पहिलं मोजमाप थेट १९८२ चं. मोठ्या शरीराला ऑक्सिजन-१८ जास्त लागतो आणि तो फार महाग होता. अणूंचं वजन पाहून त्यांचं प्रमाण मोजणारी यंत्रं, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, इतके अचूक झाले की थोडक्या मात्रेत भागू लागलं, तेव्हा वाट मोकळी झाली. म्हणून रसायन आणि उपकरणं यांची गोडी तिला आत्ताच लागू द्या.

या कामाची वेगळी पदवी नाही. आयसर, किंवा ठाण्यातच रसायन वा जैवरसायन घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी, पीएचडी, असा लांबचा रस्ता आहे. बंगळूरुच्या सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पोषणासाठी स्थिर समस्थानिकांवर काम चालतं. नेमक्या याच कामाच्या जागा कमी आहेत, हे लपवत नाही. पण मास स्पेक्ट्रोमीटर चालवणाऱ्यांना मधातली भेसळ, भूजल, खेळाडूंची उत्तेजक चाचणी अशा ठिकाणीही काम असतं.

आणि लेकीला एक सांगा. पक्ष्याला ते पाणी टोचून सोडतात आणि एक-दोन दिवसांनी तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. घरट्याकडे परतणाऱ्या पक्ष्यात हे जमतं. आपले रोहित घरटी करतात कच्छच्या रणात, ठाण्याच्या खाडीत येतात ते चरायला. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. मग खाडीवरच्या रोहिताची ऊर्जा कशी मोजायची? तिला काय सुचतं ते मला लिहून पाठवायला सांगा.