नॅरेटिव्ह थेरपी शिकताना प्रश्नांवर मेहनत घ्या

सुरुवातीलाच सगळी तंत्रं पाठ करायच्या मागे लागू नका. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी उभ्या केलेल्या समुपदेशनाच्या या पद्धतीचा गाभा एवढाच, की माणूस म्हणजे समस्या नव्हे. कुणी ‘मी चिडकाच आहे’ म्हणालं, तर घाईने ‘नाही हो, तसं नाही’ म्हणू नका. विचारा, ‘हा राग कधी येतो? आला की तुम्हाला काय काय करायला लावतो?’ समस्येला नाव मात्र समोरच्यांनीच द्यावं. ते ‘काळोख’ म्हणत असतील, तर तुम्ही ‘नैराश्य’ म्हणू नका.

मग अपवाद शोधा. राग आला, तरी भरल्या ताटावरून उठले नाहीत, असा एखादा प्रसंग बहुतेक वेळा निघतोच. नवशिके इथेच ‘वा, मस्त!’ म्हणतात आणि पुढे पळतात. शाबासकी नको, तपशील विचारा. ‘त्या दिवशी वेगळं काय होतं? तुम्हाला हे जमलं, याचं कुणाला नवल वाटणार नाही?’ उत्तरात आजी आली, तर आजीबद्दल निवांत बोलू द्या.

घरात मारहाण असेल तिथे ‘राग करायला लावतो’ ही भाषा अजिबात नको. जबाबदारी झटकायला ती सोयीची पडते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विषय निघाला, तर आधी सुरक्षितता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर हाताशी असू द्या.

सरावासाठी परवानगी घेऊन दहा मिनिटांचं संभाषण रेकॉर्ड करा, शब्दशः उतरवा आणि प्रश्नाच्या रूपात तुम्ही सल्ला कुठे दिलात, तिथे खूण करा.