प्रारण म्हणजे आपली धगच की

एका ताईंनी विचारलंय की मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णता जायच्या तीन वाटा दिल्यात, वहन, अभिसरण आणि प्रारण, तर प्रारण म्हणजे पेपरात येतो तो किरणोत्सर्गच का, कारण शेकोटीची उष्णता प्रारणाने येते हे वाचून मुलगी घाबरली. आणि या तिघांना घरातले शब्द आहेत का?

ताई, मुलीला सांगा घाबरू नको. प्रारण हा मोठा शब्द, त्यात ऊन, शेकोटी, रेडिओच्या लहरी सगळं आलं. किरणोत्सर्ग मात्र युरेनियम, रेडियमसारख्या पदार्थांच्या अणूतून आपोआप बाहेर पडतो तो. पेपरात 'मोबाईल टॉवरचा किरणोत्सर्ग' छापून येतं ते मला अजिबात पटत नाही, तिथे प्रारणच हवं. त्यात हिंदीत प्रारणाला विकिरण म्हणतात आणि आपल्याकडे लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक' नावाच्या शेतमाल टिकवायच्या केंद्रात कांदा-आंब्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात त्याला विकिरण म्हणतात, म्हणजे शब्द तोच पण अर्थ दुसरा, त्यामुळे हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्या पोरांचा हमखास घोळ होतो.

आता घरातले शब्द. माझ्या मते आहेत, आणि फार नेमके आहेत: चटका, झळ, धग.

चटका बसतो तो टेकल्यावर, म्हणजे वहन. देवघरातली तांब्याची पळी आणि स्टीलचा चमचा एकाच गरम चहात बुडवून ठेवा, पळीचा दांडा आधी चटका देईल, तांबं स्टेनलेस स्टीलपेक्षा साधारण २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. झळ लागते ती वाऱ्याबरोबर, मे महिन्यात दुपारी खिडकी उघडली की तोंडावर येते तीच, तिथे तापलेली हवा स्वतःच उठून आपल्यापर्यंत येते म्हणून ती अभिसरणाच्या जवळची. (अभिसरण आणि अभिसारिका एकाच धातूतले, सृ म्हणजे जाणं, मला हे फार आवडतं.) आणि धग म्हणजे शेकोटीपासून दोन हात लांब बसलं तरी गाल तापतात ती. मधे नुसता एक पुठ्ठा धरा, गालावरची धग त्याच क्षणी तुटते, हवा होती तशीच असते. हेच प्रारण, सूर्याची उष्णता १५ कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून येते ती याच वाटेने.

गंमत म्हणजे आपले वाक्प्रचारही हा भेद पाळतात. एखाद्याचं जाणं मनाला चटका लावून जातं, थेट आणि एकदम. महागाईची झळ पोचते, दूरवर लागलेलं हळूहळू आपल्याकडे येतं. आंदोलनाची धग मात्र टिकून राहते, आत निखारा असल्यासारखी.

पण पक्की वाटणी नाही हां ही, आपण उन्हाचाही चटका म्हणतो आणि आगीचीही झळ म्हणतो, कारण माणूस बोलतो ते कातडीला काय जाणवलं त्यावरून, उष्णता कुठल्या वाटेने आली त्यावरून नाही. म्हणून परीक्षेत प्रारणच लिहायचं, धग लिहून मार्क मिळणार नाहीत.

मुलीला डिसेंबर-जानेवारीत पहाटे निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागेत न्या. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब रात्रभर वर आभाळात निघून जाते, हेसुद्धा प्रारणच, ढग असले की थंडी कमी ती यामुळेच. मग मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार ओळींमधे शेकोट्या पेटवतात. तिला तिथे उभं करा, एक हात शेकोटीच्या बाजूला आणि एक वर धुराकडे, आणि विचारा कुठल्या हाताला धग लागते आणि कुठल्या हाताला झळ.