लग्नाला २७ वर्षं झाली, हनिमून राहूनच गेला. आता या वयात आफ्रिकेच्या सफारीला जावं का? झेपेल का?

ताई, तुम्ही निपाणीजवळच्या असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून मुद्दाम उत्तर लिहायला बसले. मी खानापूर तालुक्यातली. तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात. गुडघे आणि पाठ साथ देतील का, आणि मुलीचं लग्न झाल्यावर हाताशी राहिलेला पैसा यात घालावा का. माझ्याकडून दोन्हीला ‘हो’. फक्त एक सांगते, जंगलं कमी बघा आणि एकाच ठिकाणी जास्त रात्री राहा.

आमचं लग्न १९९३च्या मे महिन्यातलं. गोव्याला चार दिवस जायचं ठरलं होतं, तेवढ्यात मधल्या दिरांचा अपघात झाला आणि ते राहिलं. मग धाकट्या नणंदेचं लग्न, मग दोन मुलं, मग सासूबाईंना अर्धांगवायू. अकरा वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. हे सरकारी बसवर ड्रायव्हर, त्यामुळं आठवड्यातल्या दोन-तीन रात्री मुक्कामाच्या गाडीवर. मी घरी शिलाई करायची. दोघांनी मिळून कुठं जायचं म्हणजे लग्नकार्याला नाहीतर दवाखान्यात. २०२३ साली हे निवृत्त झाले आणि मुलगी म्हणाली, आता तरी जावा. ह्यांनी आफ्रिकेचं नाव काढलं, कारण जांबोटी-चोर्ल्याच्या रस्त्यावर रात्री गाडीपुढं गवा आला की हेडलाइट मंद करून थांबायची ह्यांना जुनी आवड. २०२४च्या ऑगस्टमध्ये आम्ही केनियात मसाई माराला गेलो. ह्यांचं वय ६१, माझं ५४.

आधी पैशाचं बोलते. दोघांचे सगळे मिळून साडेसहा लाखांच्या आसपास गेले. थोडे माझ्या शिलाईचे आणि भिशीचे, बाकीचे ह्यांच्या ग्रॅच्युइटीतले. त्यात मोठा वाटा माराच्या प्रवेश शुल्काचा होता. परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर, असा २०२४चा दर. जुलै ते ऑक्टोबरमध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप वर येतात, दहा लाखांहून जास्त जनावरं, आणि मारा नदी ओलांडतात. ते बघायचंच असेल तर दुप्पट मोजा. नसेल तर फेब्रुवारीत किंवा जूनमध्ये जा. सिंह, चित्ता, हत्ती, जिराफ तिथं बारा महिने असतात. एप्रिल-मे मात्र टाळा, तो त्यांचा मोठा पाऊस.

पहिल्यांदा ज्या एजंटाकडं गेलो त्यानं सहा दिवसांत चार जंगलं बसवली होती. ह्यांनी तो कागद घेऊन प्रत्येक दिवसाचे किलोमीटर मांडले आणि म्हणाले, “हे फिरणं नव्हं, ही ड्यूटी झाली.” आम्ही दुसरीकडं गेलो आणि मारात चार रात्री मागून घेतल्या. ताई, पाठीचं उत्तर इथंच आहे. जंगलात पायी चालायचंच नसतं. ठरलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून उतरायला परवानगीच नाही. त्रास होतो तो धक्क्यांचा. नैरोबीहून मारापर्यंत पाच-सहा तास, शेवटचा टप्पा खडबडीत. रोज तसला प्रवास करायचा नसेल तर एकाच ठिकाणी राहणं हाच उपाय. गाडीत बसताना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या सीटवर बसा, मागच्या चाकावर नको. हे ह्यांचं सांगणं, आणि बसमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचं आहे. पैसे जास्त असतील तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान पाऊण-एक तासात पोचवतं, पण त्यात माणशी १५ किलोच सामान चालतं आणि बॅग कापडी लागते.

आता तिथलं. पहाटे सहाला गेट उघडतं, अंधारातच निघायचं. उंचीवरचा मुलूख असल्यानं ऑगस्टमध्ये आपल्या डिसेंबरपेक्षा जास्त गारठा, स्वेटर-कानटोपी हवीच. गाईडशी आमचं मोडक्या हिंदी-इंग्रजीत चालायचं, पण दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांच्या स्वाहिलीतही चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला डुका आणि गाडीला गारी म्हणतात. सफारी हा शब्दही आपल्या सफरीचाच भाऊ. मग हे आणि तो गाईड इंजिनाबद्दल काय काय बोलायचे, मला पत्ता नाही. इतक्या वर्षांत मी ह्यांना स्टेअरिंग सोडून शेजारी बसलेलं बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी उतार आला की ह्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

नदीकाठी एका दुपारी आम्ही जवळजवळ तीन तास बसलो. पलीकडच्या काठावर हजारो विल्डबीस्ट, पुढचं जनावर पाण्याला तोंड लावायचं आणि सगळा कळप मागं फिरायचा. पाण्यात मगरी. बाजूच्या गाड्या कंटाळून निघून गेल्या. मी म्हटलं, “अहो, आपण पण जाऊया का?” तर म्हणाले, “असू दे की. आपल्याला कुठली एंट्री मारायची हाय?” मी डब्यातून कुंदा काढला, गाईडलाही दिला. शेवटी त्या दिवशी कळप उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला, वीसेक मिनिटं धूळ आणि हंबरणं. पण मला आठवते ती आदली दुपार. ह्यांनी त्या तीन तासांत सासूबाईंच्या आजारपणातलं जे सांगितलं, ते घरात कधी सांगितलं नव्हतं. मुक्कामाच्या गाडीवर असताना घरून फोन आला की छातीत कसं धस्स व्हायचं, ते मला त्या नदीकाठी कळलं.

आणखी एक सांगते. आमचा मुक्काम तंबूत होता, पण आत पलंग, न्हाणी सगळं. रात्री जेवून आलो आणि पांघरूण उचललं तर पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी. वरून लोकरीचं कव्हर घातलेलं. तिथल्या तंबूंमध्ये थंडीसाठी ती ठेवायची पद्धत आहे. ताई, तसली पिशवी मी अकरा वर्षं रोज रात्री भरली. पाणी किती गरम लागतं, हवा कशी दाबून काढायची, बूच किती पिळायचं, माझ्या हाताला पाठ आहे. सासूबाईंच्या पायाशी ठेवायची आणि मग मशीनवर बसायची. त्या रात्री कुणीतरी ती माझ्यासाठी भरून ठेवली होती. मी पलंगावर बसून रडले. ह्यांनी काही विचारलं नाही, कव्हर काढून पिशवी हातात घेतली, बूच घट्ट आहे का बघितलं आणि माझ्या पायाशी सरकवली.

म्हणून म्हणते, मुलाबाळांना घेऊन जाऊ नका, दोघंच जा. मोठ्या ग्रुपमध्ये गेलात तर गाडीत दुसऱ्यांच्या गप्पा ऐकत बसावं लागेल. जमलं तर स्वतंत्र गाडी घ्या, त्यासाठी एखादं जंगल कमी झालं तरी चालेल. खाण्याची काळजी करू नका. रेल्वे बांधायला १८९६पासून आपल्याकडची माणसं तिकडं गेली, नैरोबीत डाळ-भात सहज मिळतो. फक्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २०१७पासून बंदी आहे, चिवडा-लाडू डब्यात किंवा कापडी पिशवीत न्या. जायच्या आधी केनियात शिरायचा ऑनलाइन परवाना काढायचा, मुलगा पाच मिनिटांत भरून देईल.

सगळ्यात आधी मात्र पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. जायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. कार्ड नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तुमच्या यजमानांना साठ ओलांडली असेल तर तिकिटं काढायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, कारण त्या वयात पहिल्यांदा ही लस घेतली तर गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. ह्यांना सगळ्या तपासण्या करून मगच दिली. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रांतच. आम्ही वास्कोला मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात जाऊन घेतली. चोर्ला घाटातून बसनं गेलो, हे खिडकीशी आणि मी शेजारी. लस झाल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात, तेवढं बसलो, मग बायणाच्या किनाऱ्यावर गेलो. चपला हातात घेऊन पाण्यात उभे राहिलो. १९९३ साली ठरलेलं गोवा ते हेच, असं हे म्हणाले, आणि परतीची बस संध्याकाळची असल्यानं आम्हाला घाई नव्हती.