लाइट वर नेला तरी खोली तापतेच

प्रश्न : नमस्कार जी. घरामागच्या टिनाच्या खोलीत मी यंदा मिरची अन् टमाट्याचे रोपं करून राह्यली, बाहेर उन्हानं टिकतच नाही. पोरानं 100-100 वॅटचे दोन ग्रो लाइट, म्हणजे रोपं वाढवायचे एलईडी लाइट, आणून देल्ले. आधी एका वीतीवर टांगले तं चार दिवसात वरचे पानं पांढरे पडले. मंग भेव वाटलं म्हणून चार फुटावर नेले, तं आता रोपं सुतासारखे लंबे झाले अन् पानाच्या कडा वर वळून वाळून राह्यल्या. दुपारी तं खोलीत उभं राहवत नाही. लाइट खाली घेऊ का अजून वर नेऊ?
एक ताई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, खाली घ्या. पण तेवढ्यानं भागणार नाही, कारण तुम्ही तीन खुणा सांगितल्या आणि तिन्हीचं कारण वेगळं आहे.

वरची पानं पांढरी पडली ते जास्त उजेडानं, उष्णतेनं नाही. एलईडीखाली हात धरला तर गरम लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं बरोबर आहे, पण कोवळ्या पानाला तो उजेडच झेपत नाही. ओळखायचं कसं, तर लाइटच्या अगदी खालचीच पानं पांढरट-पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात आणि ट्रेच्या कोपऱ्यातली रोपं मात्र चांगली असतात. रोपं लांबली ते उजेड कमी पडला म्हणून. लहान पॅनल दुप्पट अंतरावर नेला की उजेड अर्धा नाही होत, जवळपास पावच उरतो, आणि तुम्ही तर एका वीतीवरून थेट चार फुटावर गेलात. कडा वळून वाळतात ती मात्र खोलीची गरमी, आणि त्याला लाइटची उंची काहीच करू शकत नाही. लाइट एका वीतीवर असो की चार फुटावर, तो जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन राहते. म्हणजे बंद टिनाच्या खोलीत तुम्ही 200 वॅटची शेगडी लावून ठेवली आहे, आणि वरून मे महिन्याचं आपल्याकडचं ऊन, जे 45 च्या वर जातं.

हे मी स्वतः भोगलं आहे. वांग्याचा एक ट्रे होता, लाइट बरोबर अंतरावर, पाणी वेळेवर, तरी रोज दुपारी पानं वाटीसारखी वळायची. मी चार दिवस लाइटच वरखाली करत बसलो. मग थर्मामीटर ट्रेमध्ये पानाच्या उंचीवर उभा केला, दुपारी 2 वाजता 43. त्या दिवशी कळलं की हात लाइट टांगलेल्या साखळीला लावण्यात अर्थ नव्हता, स्विचला लावायला पाहिजे होता.

म्हणून पहिलं काम, लाइट रात्री चालवा. रात्री 8 ला सुरू, सकाळी 10 ला बंद, 14 तास झाले. रोपाला दिवस कधी आणि रात्र कधी याचं काही नाही, उजेड आणि अंधार दोन्ही मिळाले पाहिजेत एवढंच. लाइटची गरमी रात्रीच्या थंडाव्यात जिरते आणि भर दुपारी खोलीत निदान तिची भर पडत नाही. पण 24 तास चालू ठेवू नका, टमाट्याची पानं त्यानं पिवळी पडतात. टायमर लावला असेल आणि तो चकरीचा असेल तर लाइन गेली की त्याचं घड्याळही थांबतं, रोज दोन तास लोडशेडिंग असलं तर आठवड्यात 14 तासांचा फरक पडतो आणि लाइट नेमका भर दुपारी जळत बसतो, म्हणून रोज सांजच्याला एकदा चकरी पाहत जा. लाइन गेल्यानं उजेडाचे दोन तास बुडाले तर त्याचं टेन्शन घेऊ नका, भरून काढायची गरज नाही.

आता अंतर. लाइट खरंच 100 वॅट वीज खात असेल (डब्यावर मोठा आकडा छापलेला असतो, तो धरू नका) तर सुरुवात तीन वीतीवर करा, दोन आठवड्यात हळूहळू दोन वीतीवर आणा, दर दोन-तीन दिवसांनी चार बोटं. मोबाइलमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं फुकट ॲप मिळतं, फोन पानाच्या उंचीवर ठेवून पाहा, सुरुवातीला 10 ते 15 हजार आणि मोठ्या रोपाला 20 हजारपर्यंत पुरतं. फोन थोडा इकडेतिकडे दाखवतो, पण ट्रेच्या मधात आणि कोपऱ्यात किती फरक आहे ते बरोबर कळतं. मधात जास्त, कोपऱ्यात कमी निघालं तर ट्रे रोज फिरवा.

टिनाला वरून चुना मारा, लय फरक पडतो. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवूनच लावा, नाहीतर ओलावा कोंडतो आणि रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून कूलर कामाचा, पाऊस लागला की बंद. लहान पंखा मात्र रोज हवा, पानं जराशी हलतील एवढाच, त्यानं देठही जाड होतो.

लांबलेले टमाटे फेकू नका. लावताना देठ पानांपर्यंत मातीत पुरा, त्याला देठावर मुळ्या फुटतात. मिरचीला तशा फुटत नाहीत, ती लय लांबली असेल तर पुन्हा बी टाका.

आणि एक मनातलं सांगतो. दोन लाइट 14 तास म्हणजे रोजचे 2.8 युनिट, महिन्याचे 84. चार-पाच ट्रे असतील तर ठीक आहे, पण एकरभराची रोपं करायची असतील तर बाहेर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं, अर्धं अडवलं तरी तुमच्या लाइटपेक्षा कितीतरी जास्त उरतं, आणि त्याचं बिल येत नाही.

प्रश्न : घरी 200 वॅटचा जुना पिवळा बल्ब हाय, तो मिरचीच्या रोपावर चालन का?
एक भाऊ, ता. भिवापूर, जि. नागपूर

उत्तर : नाही भाऊ. त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, जवळ ठेवला तर पान भाजतं आणि दूर ठेवला तर उजेड पुरत नाही. त्यापेक्षा घरात लावतो ती 20 वॅटची पांढरी एलईडी ट्यूब घ्या आणि रोपाच्या शेंड्यापासून अर्ध्या ते एका वीतीवर टांगा. दोन्ही टोकाला सुतळी बांधा, म्हणजे रोप वाढलं की तिलाही वर घेता येते.