स्वीडिश पूर्वजाचा माग काढताना

आपले पणजोबा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या कागदपत्रांत 'जॉन अँडरसन' म्हणून नोंदलेले असले, तरी तेच नाव घेऊन स्वीडनमध्ये शोध घेण्याची घाई करू नका. तिकडच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात बराच काळ वडिलांच्या नावावरूनच मुलांची ओळख ठरत असे (अँडरसन म्हणजे अँडर्सचा मुलगा), आणि एकाच गावात अनेक योहान अँडरसन असत. म्हणून आधी जन्मतारीख आणि मूळ पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा परिसर, हाती यायला हवे. अमेरिकेत स्वीडिश स्थलांतरितांनी उभारलेल्या ऑगस्टाना पंथाच्या लुथरन चर्चमधील सदस्य-नोंदींत ही माहिती पुष्कळदा मिळते. त्या नोंदी बहुधा स्वीडिश भाषेतच असतात.

पॅरिश कळले, की तिथल्या पाद्र्याने घरोघरच्या धर्मज्ञानाच्या परीक्षेसाठी ठेवलेली वही उघडा. कोणत्या शेतघरात कोण राहत होते आणि कोण कोणत्या वर्षी अमेरिकेला गेले, हे तिच्यात सापडते.

माझा सर्वाधिक जीव मात्र होमस्टेडच्या, म्हणजे अमेरिकी सरकारने वसण्यासाठी दिलेल्या जमिनींच्या, फाइलींवर आहे. 1862 च्या कायद्याने मिळणारी 160 एकरांपर्यंतची जमीन नावावर होण्यासाठी साधारण पाच वर्षे तिथे राहून ती कसावी लागे, आणि शेवटी घर केवढे बांधले, विहीर खोदली का, किती एकर नांगराखाली आणले, हे साक्षीदारांसह शपथेवर सांगावे लागे. ती फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येते. साक्षीदारांची नावेही नीट उतरवून घ्या, कारण ते शेजारी कित्येकदा मूळच्या त्याच पॅरिशमधले निघतात.