कंबर दुखते अन् हातचा सुटतो

दुखतंय कंबर, मग डोकं का चालत नाही? मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनचारदा तरी येतोच, फक्त कोणी तो असा सरळ विचारत नाही. कोणी म्हणतं चक्कीवर दळण ठेवलं अन् विसरलो, कोणी म्हणतं पोरगं पुस्तक घेऊन बसते पण पान पुढं जात नाही, आणि मग उठता उठता आवाज बारीक करून खरी गोष्ट निघते, की मॅडम, मले वेड तर नाही लागून राहिलं ना?

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते. नाव आणि काही खुणा बदलल्यात, सुमनताई म्हणू. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, वय त्रेचाळीस, बचत गटाच्या सचिव, सातवी शिकलेल्या पण हिशोबाला एकदम पक्क्या, अकरा बायकांची बचत, कर्ज, व्याज सगळं तोंडपाठ. आणि गेल्या काही महिन्यांपासून रजिस्टरमध्ये गडबड. एका महिन्यात सातशे रुपये जुळेनात, मग कोणीतरी बोललंच, सचिवबाईनं खाल्ले असतील.

"पैशाचं नाही जी मॅडम," त्या म्हणाल्या, "माह्या सासूले असंच लागलं होतं. आधी हिशोब इसरे, मंग घरातल्याईले ओळखेना. आता माह्या नंबर हाय."

आता इथं मी चुकले ते आधी कबूल करते. झोप नाही, जेवण कमी, कशात मन नाही, हे सगळं ऐकून मी सरळ डिप्रेशनचे नऊ प्रश्न काढले, स्कोअर पण बऱ्यापैकी आला आणि मी त्याच दिशेनं निघाले. जीव नकोसा होतो का हेही विचारलं (आमच्याकडं हा प्रश्न कधीच टाळायचा नसतो), त्या नाही म्हणाल्या. पण अर्ध्या तासात बाई तीनदा उभ्या राहिल्या, भिंत धरली, परत बसल्या, आणि मी कागदात डोकं घालून. शेवटी विचारलं, ताई, काही दुखतंय का? तर म्हणे कंबर, गेल्या सालच्या कापूस वेचणीपासून, पण ते काय सांगायचं, ते तर सगळ्याईचंच दुखते.

वेचणी ज्यांनी केली नाही त्यांना सांगते, दिवसभर वाकून चालायचं, कमरेला बांधलेली ओटी भरत जाते आणि तिचं सगळं वजन कमरेलाच ओढतं, वर मजुरी किलोवर, म्हणजे थांबलात की नुकसान. तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्या दुखण्याला जुनाट म्हणतात. यांना तर वर्ष होत आलं होतं.

दुखण्याचं कामच मुळी मधे पडायचं आहे. काटा रुतला की हातातलं सोडून पायाकडं बघितलं पाहिजे, म्हणून तर ते बनलंय. एकलस्टन आणि क्रॉम्बेझ या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली नेमकं हेच मांडलं, की वेदना लक्ष मागून घेते, तुम्ही दिलं नाही तरी. काटा निघतो, पण जुनी कंबर दिवसभर हाका मारत राहते. आणि आपण बेरीज करताना जो हातचा मनात धरतो ना, ती मनातली पाटी आधीच छोटी, त्यात तीनचार गोष्टी जेमतेम मावतात. त्यातली एक जागा कंबरेनं धरली, दुसरी "आता सासूसारखं होणार" या धाकानं, मग हातचा ठेवायचा कुठं?

एवढं सांगून त्यांना पटलं नाही, आणि का पटावं? म्हणून म्हटलं पंधरा दिवस लिहून बघू. शून्य ते दहाचा आकडा त्यांना जमेना, मग आण्यात धरलं, आज चार आणे दुखलं, आज बारा आणे, आणि बाजूला त्या दिवशीची हिशोबातली चूक. वही आली तेव्हा मीच बघत बसले. चुका जवळपास सगळ्या रात्रीच्या, बारा आण्याच्या पुढच्या. गटाची बैठक रात्री आठला, दिवसभर वेचणी करून, खाली सतरंजीवर मांडी घालून! सकाळच्या पानांवर एकही खोट नाही. सासूबाईंचा विसर काय सकाळ-संध्याकाळ बघून येत नव्हता, हे सुमनताईच बोलल्या, मला बोलावं लागलं नाही.

पण सगळं दुखण्यावर ढकलून मोकळं व्हायचं नसतं. डॉक्टरांकडं पाठवलं तर हिमोग्लोबिन नऊ निघालं. आणि पिशवीतून गोळ्यांचा एक पत्ता निघाला, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली नसांची गोळी, त्यात प्रीगाबालिन नावाचं औषध. तिनं गुंगी येते, डोकं जड राहतं, आणि या रोज घेत होत्या, जास्त दुखलं की दुपारी पण. ती एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, हे पण विचारून झालं, त्यातलं काहीही असेल तर समुपदेशन बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. आणि माणूस एकदोन दिवसांत अचानक भ्रमात गेला तर तेही कंबरेच्या नावावर घालू नका.

बाकी केलं ते साधंच. ओटी अर्धी झाली की रिकामी करायची, दुखायची वाट न बघता मधे सरळ उभं राहायचं, फिजिओने दाखवलेले व्यायाम. पहिल्या आठवड्यात यातलं काहीच झालं नाही, कारण नवरा म्हणे किलो कमी भरतात, मग त्यांनाच बोलावलं, वही दाखवली. ते बोलले नाहीत काही, पण पुढच्या वेळी ओझं बांधापर्यंत ते नेत होते. रजिस्टर सकाळी, खुर्चीवर बसून, एका बाईनं आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि दुसरीनं लिहायचा. बैठक रविवारी सकाळी घ्यायला गट तयार झाला, दोघी सोडून.

मेंदू कायमचा खराब झाला का, हे त्यांनी परत परत विचारलं. तेव्हा 2011 चा मॅकगिल विद्यापीठाचा अभ्यास मला कामी आला, जुन्या कंबरदुखीच्या लोकांच्या मेंदूचा एक भाग पातळ झालेला दिसला होता आणि उपचारांनंतर सहा महिन्यांनी तो परत जाड झाला होता. ती माणसं थोडी होती, उपचारही इंजेक्शन नाहीतर ऑपरेशन, तेव्हा तुमचं अगदी तसंच होईल असं मी म्हटलं नाही. "म्हणजे वाळलेलं झाड पालवते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं वाळलं नव्हतंच, पाणी दुसरीकडं जात होतं.

सातशे रुपये सापडले. एकाच आडनावाच्या दोघींची नोंद उलटसुलट झाली होती, रात्रीच्याच बैठकीतली. बैठकीत त्यांनी ते पान स्वतः वाचून दाखवलं, आणि ज्या बाईनं खाल्ल्याचं म्हटलं होतं ती आता आकडे मोठ्यानं म्हणायला बसते.

कंबर अजून पाचसहा आणे आहेच. डिसेंबरच्या शेवटी म्हणाल्या, तूर सोंगून झाली की येतो मॅडम. अजून आल्या नाहीत, पुढच्या गुरुवारी त्यांच्या गावच्या आशा कार्यकर्तीला विचारायचंय.